४० हजारांत किती पेडल बसतात? वाद्यवृंदातल्या एका गिटारवाल्याचा जमाखर्च

हे प्रकरण वाद्यवृंदात वाजवणाऱ्या एका गिटारवाल्याचं आहे. वय तिशीच्या पुढे, नोकरी सहकारी बँकेत, राहायला कोथरूडला. शनिवार-रविवार जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम. कधी बालगंधर्व, कधी यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, गणपतीत सोसायट्यांचे मांडव. मी याच कार्यक्रमांत मिक्सरवर असतो. त्याच्या गिटारचा आवाज प्रेक्षकांच्या आधी माझ्याकडे येतो, आणि तक्रारीही आधी माझ्याकडेच येतात.

गिटार यामाहाची पॅसिफिका ११२. तारांचा आवाज पकडणारे पिकअप तीन: ब्रिजला हंबकर (दुहेरी गुंडाळीचा, भुणभुण दाबणारा), पुढे दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे). या कामाला अगदी योग्य. इफेक्ट म्हणून, म्हणजे आवाजाचा रंग बदलायला, पायाने चालू-बंद करायचे दोन छोटे डबे, ज्यांना पेडल म्हणतात: स्वतःचं एक बॉस डीएस-१ डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करणारं) आणि मित्राकडून उसना आणलेला, परत मागितला जाईल या भीतीत वापरलेला कोरस (एकाच गिटारच्या दोन-तीन वाटायला लावणारा). बोनसमधून ४० हजार बाजूला काढले होते. घरून तेवढ्याचीच परवानगी होती. विचारणं साधं होतं: "दादा, पेडलबोर्ड लावू की एक मल्टी घेऊ?" म्हणजे एकेक पेडल घेऊन ते एका फळीवर जोडायचे, की सगळे इफेक्ट एकाच यंत्रात असलेलं मल्टी घ्यायचं.

असा प्रश्न आला की बहुतेक जण 'टोन'वर बोलायला लागतात. ॲनालॉग उबदार, डिजिटल कोरडं वगैरे. मी त्याला आधी कार्यक्रमाची यादी मागितली. २४ गाणी होती. पंचमच्या काळातल्या गाण्यांना वाह (पायाने आवाज 'वा-वा' करणारा) आणि फेझर (आवाज हळूहळू फिरवणारा) हवा. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांना चकचकीत कोरस हवा. नव्वदीनंतरच्या दोन-तीन गाण्यांत चक्क डिस्टॉर्शनवर सोलो. भावगीतांत गिटार जवळजवळ कोरडी, थोडा रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमार), बस. शिवाय शेवटी मेडली. त्यात एका गाण्यातून दुसऱ्यात जायला चार मात्रा मिळतात आणि निवेदिकाही मदतीला येत नाही. म्हणजे त्याला सात-आठ प्रकारचे इफेक्ट लागत होते, पण एका वेळी तीनच्या वर क्वचित. ही यादी हातात आल्याशिवाय भाव विचारण्यात अर्थ नव्हता.

पहिली वही: पेडलबोर्ड

भाव त्या वेळी दुकानांत आणि ऑनलाइन पाहिलेले, गोल केलेले आहेत. माल बहुतेक आयातीचा, त्यामुळे डॉलर हलला की आकडे हलतात. दुकानागणिक हजार-दोन हजारांचा फरकही पडतो.

नावाजलेल्या कंपन्यांची पेडल धरली तर ट्यूनर ४,५००, वाह १०,०००, ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन) ९,०००, कोरस ११,०००, फेझर ९,०००, डिले (प्रतिध्वनी) १६,०००, रिव्हर्ब १२,०००. बेरीज ७१,५००. डिस्टॉर्शन घरचंच असून ही रक्कम. तो गप्प झाला.

मग त्याने रात्री बसून दुसरी यादी केली. वाह सोडून बाकी सगळी चिनी मिनी पेडल, सरासरी ४,००० ला एक. सहा मिनी म्हणजे २४,०००, आणि थोडा स्वस्तातला वाह ९,०००. एकूण ३३,०००. सकाळी मेसेज आला: "बघ, सात हजार उरतात."

मिनी पेडलांवर माझा राग नाही. त्यातली काही जुन्या, सगळ्यांना पाठ झालेल्या सर्किटांवरून बेतलेली असतात आणि गाण्याच्या गर्दीत फरक कळत नाही. पण हा हिशेब फ्लॅटच्या जाहिरातीतल्या दरासारखा होता. पार्किंग, मुद्रांक शुल्क, सोसायटीचं डिपॉझिट अजून यायचं होतं.

आठ पेडलांना वीज लागते. एकाच अडॅप्टरला फाटे फोडून सगळ्यांना देता येते, आणि दोन-तीन ॲनालॉग पेडलांना ते चालतंही. साधं ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलीॲम्पिअरवर भागतं. डिजिटल डिले-रिव्हर्ब मात्र ६५ ते १०० मिलीॲम्पिअर किंवा जास्तच ओढतात. शिवाय त्यांच्या आतल्या घड्याळाचा बारीक 'चीं' आवाज त्याच ग्राउंडमधून बाकीच्यांत शिरतो. पुढे डिस्टॉर्शन चालू असेल तर तो आवाज शंभरपट मोठा होऊन माझ्या मिक्सरवर येतो. म्हणून प्रत्येक आउटपुट वेगळं असणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय लागतो. आठ आउटपुटवाला ९,००० ला.

तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, ९ व्होल्टचा अडॅप्टर दीडशे-दोनशेत मिळतो, हे खरं. पण बहुतेक पेडलना पिनच्या आतल्या बाजूला ऋण लागतं, आणि बाजारातले राउटर-खेळण्यांचे अडॅप्टर बहुधा आत धन असलेले असतात. उलटं लावलं की नशीब चांगलं असेल तर पेडल नुसतं चालू होत नाही. नशीब वाईट असेल तर आतला डायोड जातो.

बॅटरीवर चालवू, असंही त्याने सुचवून पाहिलं. पेडलच्या इनपुटला केबल लावली की, वरचा स्विच बंद असला तरी, बॅटरी खर्च होत असते. साउंडचेकपासून कार्यक्रम संपेपर्यंत केबल लागलेलीच राहते. आठ पेडलांच्या बॅटऱ्यांवर वर्षभरात पॉवर सप्लायचे पैसे निघून जातात आणि वर मेडलीच्या मध्यात डिले मरण्याची सोय होते.

पॅच केबल: नऊ डबे ओळीने जोडायला आठ. बऱ्यापैकी केबल ४५० ला एक, म्हणजे ३,६००. नववा डबा कुठला, ते पुढे येतंच. बोर्ड आणि बॅग ७,५००. वेल्क्रो ५००. बोर्डावर बचत शक्य होती. टिंबर मार्केटमधून प्लायचा तुकडा कापून आणायचा, मागे दोन पट्ट्या मारून तिरका करायचा, दीड हजारात काम होतं. बॅग मात्र मग शिवून घ्यावी लागते. एकूण चार हजार वाचतात आणि एक रविवार जातो.

नववा डबा

सगळ्यात मोठी गोम इथे आहे, आणि पेडलबोर्डावर बोलणाऱ्या बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही, कारण ते ॲम्प्लिफायर गृहीत धरतात. पुण्यातल्या वाद्यवृंदाच्या स्टेजवर गिटार ॲम्प नसतो. ॲम्प कोण नेणार, रिक्षाचे पैसे कोण देणार, आणि तो मोठा लावला म्हणून गायिकेची बोलणी कोण खाणार? गिटारची केबल थेट डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा डबा), तिथून माझ्याकडे.

डिस्टॉर्शन पेडल ॲम्पसाठी बनलेलं असतं. गिटार ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शनमधून निघणारा कर्कश भाग तिथेच गळून पडतो आणि जे उरतं त्याला आपण रॉक गिटारचा आवाज म्हणतो. तोच सिग्नल थेट मिक्सरला आला की मोठ्या स्पीकरमधून सगळं ऐकू येतं. डब्यात अडकलेल्या माशीचा आवाज म्हणा ना. त्याच्या डीएस-१ चं हेच व्हायचं. तो म्हणायचा पेडल स्वस्त आहे म्हणून. पेडल उत्तम होतं. १९७८ पासून ते सर्किट थोड्याफार फरकाने विकलं जातंय, उगाच नाही. त्याला फक्त स्पीकर मिळत नव्हता. मी मिक्सरवर वरचा भाग कापायचो, तर लगेच पुढच्या भावगीतात गिटार गोधडीखाली गेल्यासारखी.

म्हणून साखळीच्या शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर लागतो, म्हणजे स्पीकरची नक्कल करणारा डबा. ८,०००.

आता वरखर्चाची बेरीज: पॉवर सप्लाय ९,०००, केबल ३,६००, बोर्ड-बॅग ७,५००, वेल्क्रो ५००, सिम्युलेटर ८,०००. एकूण २८,६००. ३३ हजारांच्या मिनी पेडलांना चालतं करायला आणखी जवळजवळ तेवढेच. मिळून ६१,६००. नऊ डब्यांना आठ आउटपुट कमी पडतात, तेव्हा ट्यूनर आणि ओव्हरड्राइव्ह एकाच आउटपुटवर घ्यावे लागले असते, ते वेगळंच.

नॉइज गेट, म्हणजे वाजवत नसताना भुणभुण दाबणारा डबा, मी यात धरलेलाच नाही. नाट्यगृहांतले दिवे डिमरवर असतात. निवेदनाच्या वेळी दिवे अर्धे केले की सिंगल कॉइल गिटारमध्ये भुणभुण सुरू होते, आणि कंप्रेसर (बारीक आवाज वर उचलणारा इफेक्ट) किंवा डिस्टॉर्शन लावलं की ती भुणभुणही तितकीच वर येते. गिटारवाला जागच्या जागी वळला की कमी होते. पण प्रेक्षकांकडे पाठ करून किती वेळ वाजवणार?

दुसरी वही: मल्टी

बाजार चाळला तर त्याच्या खिशाच्या आवाक्यात बॉसचं जीटी-१, झूमचं जी१एक्स फोर, शिवाय व्हॅलेटन आणि मूअरची चिनी युनिट होती. लाइन ६ चं एचएक्स स्टॉम्प त्याला मनापासून हवं होतं. २०१८ मध्ये आलेलं ते यंत्र अजूनही फार चांगलं आहे, पण ४० हजारांत नवं बसत नव्हतं आणि त्यावर वाहसाठी एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने पुढे-मागे झुलवायचं पेडल, वेगळं घ्यावं लागलं असतं. त्याने एक्स्प्रेशन पेडल अंगचंच असलेलं एक छोटं युनिट घेतलं. कुठलं, ते महत्त्वाचं नाही. त्या वर्गातली सगळी थोड्याफार फरकाने सारखीच. २२,०००. अडॅप्टर सोबत आला नाही, तो २,०००. बॅग १,५००. एकूण २५,५००.

या रकमेत वाह, फेझर, कोरस, डिले, रिव्हर्ब, नॉइज गेट, ट्यूनर, आणि मुख्य म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन. यूएसबीने लॅपटॉपला जोडलं की घरी रेकॉर्डिंगलाही तेच. डीआयमध्ये थेट घातल्यावर पहिल्यांदाच त्याचं डिस्टॉर्शन मला न कापता सोडता आलं.

वजनाचाही प्रश्न सुटला. आठ-नऊ पेडलांचा बोर्ड बॅगेसकट सहा-सात किलोंवर जातो. पाठीला गिटार, ॲक्टिव्हाच्या पायांच्या जागेत बोर्ड, आणि संध्याकाळी सहाला कर्वे रोड. पावसाळ्यात यात रेनकोट धरा. नवं युनिट गिटारच्या बॅगेच्या पुढच्या खणात जातं.

इथपर्यंत मल्टी सरळ जिंकलेलं दिसतं. पण मल्टीचा खर्च पावतीवर दिसत नाही, कारण तो तासांत भरावा लागतो. बँकेतून साडेसातला घरी येणाऱ्या माणसाला हा खर्च लहान नसतो.

पहिल्या कार्यक्रमाला तो घरी हेडफोनवर बनवलेले पॅच, म्हणजे यंत्रात साठवलेल्या इफेक्टच्या जुळण्या, घेऊन आला. घरी ते अप्रतिम वाजत होते. नाट्यगृहात क्लीन (डिस्टॉर्शनशिवायचा) पॅच ऐकूच येईना, आणि सोलोचा पॅच लागल्याबरोबर मीटर लालमध्ये. मी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला. सोलो संपून तो क्लीनवर गेला आणि गिटार गायब. मी फेडर वर नेईपर्यंत पुढचा सोलो. कीबोर्डवाले काका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की चूक माझीच.

पातळ्या जुळलेल्या नव्हत्या हे एक. पण आवाजाचा पोतही बदलला होता. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरची टोकं दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. घरी कुणाची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात पॅच बनवणारा माणूस खर्ज वाढवतो, टोकं वाढवतो, आणि नाट्यगृहात तेच पॅच ढोलासारखे घुमतात. पेडलवर बटण फिरवून हे दोन सेकंदांत सुधारता येतं. मल्टीमध्ये मेनूत शिरा, ब्लॉक शोधा, पान उलटा, आकडा बदला, सेव्ह करा. पुढचं गाणं तोवर अंतऱ्यावर.

उपाय कंटाळवाणा होता, पण लागू पडला. पुढच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंच लवकर पोचलो. क्लीन पॅच आधी लावला, माझ्या मीटरवर तो जिथे येतो ती जागा धरली, आणि बाकीचे सगळे पॅच तिथे आणले. सोलोला ३ डेसिबल जास्त, त्याहून नाही. खर्ज प्रत्येक पॅचमध्ये कापला, कारण तिथे बेस आणि तबला आधीच बसलेले असतात. कंपनीने भरून दिलेले सगळे पॅच विसरायला लावले. २४ गाण्यांसाठी त्याचे आठ पॅच झाले, कार्यक्रमाच्या क्रमाने नव्हे तर वापराच्या क्रमाने लावलेले. गाण्याच्या क्रमाने लावले की आयोजक ऐन वेळी क्रम बदलतात. ते बदलतातच.

मेडलीचा प्रश्न उरला. पॅच बदलताना डिलेची शेपटी कापली जाते आणि क्षणभर पोकळी येते. या वर्गातल्या अनेक युनिटांचं हे दुखणं आहे. महागड्या यंत्रांत एकाच पॅचच्या आत निरनिराळ्या अवस्था साठवता येतात, तिथे हे जाणवत नाही. इथे युक्ती एवढीच की मेडलीसाठी एकच पॅच ठेवायचा, त्यात कोरस, डिस्टॉर्शन आणि डिले तिन्ही बसवायचे आणि पायाने एकेक चालू-बंद करायचे. पण त्याला स्विच पुरेना. जोडीचा बाहेरचा फूटस्विच ५,०००, त्याची केबल ६००.

नंतर एक जुनं ओव्हरड्राइव्ह पेडलही आलं, ५,००० ला, एका कॉलेजच्या बँडमधल्या मुलाकडून. गरज होती का? मिक्सरवरून मला तरी नव्हती. त्याला होती. गाणं चालू असताना वाकून एक बटण थोडं फिरवायची सवय त्याच्या हाताला होती आणि मेनू ती भागवत नव्हता. मल्टीच्या पुढे ते लावलं, बॅटरीवर, कारण एकाच पेडलची बॅटरी सांभाळता येते. त्यानंतर त्याचं वाजवणं मोकळं झालं हे मात्र मी मान्य करतो, आणि हे मी मिक्सरवाला असून सांगतोय.

एकूण ३६,१००. डीएस-१ विकलं नाही, बॅगेत असतं. मल्टी स्टेजवर बंद पडलं तर सगळंच बंद पडतं, पेडलसारखं एखादं वगळून पुढे जाता येत नाही. मग केबल डीएस-१ मध्ये आणि माशी तर माशी, कार्यक्रम पुढे जातो.

विकायची वेळ आली तर

पेडलच्या बाजूने बोलायचं झालं तर सगळ्यात दमदार मुद्दा हा आहे. डीएस-१ किंवा आयबानेझचं टीएस९ ओव्हरड्राइव्ह वापरून चार वर्षांनी विकलं तर निम्म्याहून बरे पैसे येतात. त्यापुढे किंमत फारशी घसरत नाही, कारण नवंही तेच आहे. बिघडलं तर फूटस्विच बुधवार पेठेत मिळतो आणि सोल्डरिंग येणारा कोणीही बसवतो. मल्टीचा भाव त्याचं पुढचं मॉडेल आलं की कोसळतो. नव्वदीच्या दशकात झूम ५०५ ज्यांनी घेतलं होतं त्यांनी आज तो डबा कुणाला दाखवून बघावा. आतला बोर्ड इतक्या बारीक भागांचा असतो की कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला हात लावत नाही.

म्हणून मी त्याच्या वहीत एक ओळ घालायला लावली होती: चार वर्षांनी मल्टीची किंमत शून्य धरायची. २५,५०० भागिले चार, वर्षाला साडेसहा हजारांच्या आत. नामांकित पेडलांचा बोर्ड घेऊन त्याचे पेडल निम्म्या भावाने विकले तरी ७१,५०० पैकी ३५ हजारांवर बुडतातच, वरखर्चाचे वेगळे. चिनी मिनी पेडलांना तर जुन्या बाजारात कोणी विचारत नाही. जपून ठेवण्यासारखी किंमत असलेली पेडल त्याला परवडत नव्हती, आणि परवडणाऱ्यांना ती किंमत नव्हती.

याच वाद्यवृंदात बदली म्हणून येणाऱ्या एका मुलाचं गणित नेमकं उलटं आहे. तो तिघांच्या ब्लूज बँडमध्ये वाजवतो, सरावाच्या खोलीत ॲम्प आहे, जिथे वाजवतात तिथेही ॲम्प मिळतो. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले, संपलं. तीन डबे, दोन पॅच केबल, एक बरा अडॅप्टर, प्लायचा तुकडा. सिम्युलेटर नको, गेट नको, पॅचची पातळी जुळवणं नको. त्याला मल्टी घ्यायला लावणं म्हणजे त्याचे तास उगाच जाळणं. पेडलांचा खर्च चौथ्या-पाचव्या डब्यापाशी उडी मारतो. तिथे आयसोलेटेड सप्लाय, मोठा बोर्ड, बॅग असं सगळं एकदम दारात येतं. तिसऱ्यापर्यंत पेडल मल्टीपेक्षा स्वस्तही पडू शकतात.

आमच्या गिटारवाल्याकडे ४० हजारांपैकी ३,९०० शिल्लक होते. त्यातले काही तारांत गेले. सध्या त्याच्या डोक्यात स्टिरिओ आउटपुटचं मोठं युनिट आहे. दोन बाजूंनी फिरणारा डिले त्याने हेडफोनवर ऐकलाय. मी नको म्हटलेलं नाही. आमची साउंड सिस्टीम मोनो चालते आणि गिटारसाठी मिक्सरवर एकच चॅनेल शिल्लक आहे, एवढं सांगितलंय. दुसरं चॅनेल हवं असेल तर ढोलकीचा एक माइक काढावा लागेल. ते ढोलकीवाल्याशी त्याने स्वतः बोलावं.